लेनर्ड कोहेन यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ संग्रह कसा ऐकावा आणि तेथून पुढे कसे जावे

गायक-गीतकाराचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ संग्रह हाती आला की बहुतेकजण तो घरातली कामे उरकताना लावून देतात. त्यातली तीन-चार गाणी ओठांवर रुळतात, उरलेली कानामागून निघून जातात, आणि पुढच्या आठवड्यात श्रोता दुसऱ्याच कोणाकडे वळलेला असतो. कॅनडाचे कवी, कादंबरीकार आणि गायक लेनर्ड कोहेन (१९३४–२०१६) यांच्या बाबतीत ही पद्धत हमखास फसते. त्यांची लय ठाय आहे, चाल पुष्कळदा चार-पाच स्वरांच्या पलीकडे जात नाही, तानांची किंवा हरकतींची करमणूक नाही, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात बारा गाणी म्हणजे एकच लांबलेले गाणे वाटू शकते. ज्यांना इंग्रजी गाण्यांची फारशी सवय नाही, पण कवितेची आहे, अशा मराठी श्रोत्यांसाठी हा संग्रह कोणत्या क्रमाने ऐकावा, हे येथे सांगायचे आहे.

पहिली पायरी: संग्रह कोणी निवडला आणि केव्हा, हे पाहावे

गाणे लावण्यापूर्वी वेष्टनावरचे वर्ष वाचावे. कोहेन यांचा पहिला निवडक संग्रह १९७५ साली कोलंबिया कंपनीने काढला. अमेरिकेत त्याचे नाव ‘द बेस्ट ऑफ लेनर्ड कोहेन’ असे होते, तर ब्रिटन आणि युरोपात तोच संग्रह ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या नावाने विकला गेला. या दुसऱ्या नावात थोडी गंमत आहे, कारण रूढ अर्थाने ‘हिट’ म्हणावे असे कोहेन यांचे एकही गाणे तोवर अमेरिकेत झाले नव्हते. ब्रिटनमध्ये मात्र त्यांची दुसरी तबकडी विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती. तेव्हा हा संग्रह म्हणजे गाजलेल्या गाण्यांची बेरीज नव्हे. मराठीत कवीचा ‘निवडक’ संग्रह निघतो, त्या जातीचे हे काम आहे. गाण्यांविषयीच्या छोट्या टिपाही कोहेन यांनी स्वतःच लिहिल्या होत्या. जुनी तबकडी किंवा तिच्या वेष्टनाचे छायाचित्र मिळाले तर त्या टिपा आधी वाचाव्यात, कारण गाण्याचा अर्थ सांगण्याच्या भानगडीत न पडता त्या केवळ जागा, खोली आणि हवा सांगतात. ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या गाण्याची टीप याचा उत्तम नमुना आहे: एडमंटन शहरात हिमवादळ, हॉटेलची खोली, आसरा दिलेल्या दोन तरुणी झोपलेल्या, बाहेर गोठलेल्या नदीवरून परतून खोलीत भरलेले चांदणे, आणि त्या जाग्या होईपर्यंत पुरे झालेले गाणे. एरवी एकेका गाण्यासाठी वर्षे घालवणाऱ्या या माणसाने हे गाणे एका बैठकीत लिहिले, हे लक्षात ठेवून ते ऐकले की त्यातला सैलावलेला श्वास वेगळा कळतो.

वर्ष पाहण्याचे दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. १९७५ म्हणजे चाळिशी नुकतीच ओलांडलेले कोहेन. ज्या गाण्यामुळे आज बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक असते, ते ‘हालेलुया’ या संग्रहात असणे शक्यच नाही, कारण ते आले त्यानंतर नऊ वर्षांनी. कित्येकजण ते गाणे शोधत हा संग्रह घेतात आणि हिरमुसतात. त्यासाठी वेगळा संग्रह आहे. त्याकडे पुढे येऊ.

दुसरी पायरी: बारा गाणी चार घरांत वाटून घ्यावीत

एक कागद घ्यावा आणि संग्रहातली बारा गाणी मूळ तबकड्यांनुसार वेगळी करावीत. ‘सुझॅन’, ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’, ‘सो लाँग, मॅरिअ‍ॅन’ आणि ‘हे, दॅट्स नो वे टू से गुडबाय’ ही चार गाणी १९६७ च्या अखेरीस आलेल्या ‘साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन’ या पहिल्या तबकडीतली आहेत. ‘बर्ड ऑन द वायर’, ‘लेडी मिडनाइट’ आणि ‘द पार्टिझन’ ही तीन १९६९ च्या ‘साँग्ज फ्रॉम अ रूम’मधली. ‘फेमस ब्लू रेनकोट’ आणि ‘लास्ट इयर्स मॅन’ ही दोन १९७१ च्या ‘साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट’मधली, आणि ‘चेल्सी हॉटेल नंबर टू’, ‘हू बाय फायर’, ‘टेक धिस लाँगिंग’ ही तीन १९७४ च्या ‘न्यू स्किन फॉर द ओल्ड सेरेमनी’मधली.

या वाटणीचा उपयोग असा की प्रत्येक घराचा आवाज निराळा आहे, आणि एकदा तो ओळखता आला की ‘सगळी गाणी सारखीच’ ही तक्रार आपोआप मिटते. पहिल्या तबकडीवर नायलॉनच्या तारांची गिटार आणि मागून येणारे बायकांचे मऊ आवाज आहेत. निर्माते जॉन सायमन यांनी वाद्यांचा साज चढवला, कोहेन यांना तो नको होता, आणि ती ओढाताण काही ठिकाणी ऐकूही येते. दुसरी तबकडी अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात निर्माते बॉब जॉन्स्टन यांच्या देखरेखीखाली झाली आणि ती कोरडी, रिकाम्या खोलीसारखी आहे. तिच्यात मध्येच आपल्या मोरचंगाच्या कुळातले वाद्य झणझणते, ते हेडफोन लावून शोधावे. ‘लास्ट इयर्स मॅन’मध्ये लहान मुलांचा समूहस्वर येतो, तो ऐकल्यावर तिसरे घर चुकत नाही. चौथ्या घरात तंतुवाद्ये आणि तालवाद्ये अधिक मोकळेपणाने वापरली आहेत.

बारापैकी एक गाणे कोहेन यांचे नाही, आणि ते ओळखण्याचा खेळ नवख्या श्रोत्याने जरूर खेळावा. ‘द पार्टिझन’ हे मूळचे फ्रेंच गीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये लंडनला लिहिले गेले: शब्द फ्रेंच प्रतिकार-चळवळीतले नेते एमान्युएल दास्तिए यांचे, चाल आना मार्ली यांची. कोहेन यांना ते पंधराव्या-सोळाव्या वर्षी एका उन्हाळी शिबिरात गाणी-संग्रहाच्या पुस्तकातून मिळाले. दुसऱ्याचे गाणे स्वतःच्या निवडक संग्रहात का घ्यावे, याचे उत्तर ऐकताना मिळते. मधली फ्रेंच कडवी बायका गातात तेव्हा कोहेन यांचा इंग्रजी आवाज एकदम पाहुण्यासारखा वाटू लागतो.

तिसरी पायरी: एका बैठकीत तीनच गाणी

मी अनेकांना हा संग्रह ऐकवला आहे आणि अनुभव असा की सलग बारा गाणी ऐकणारा माणूस सातव्याच्या आसपास घड्याळाकडे पाहू लागतो. म्हणून तीन गाणी निवडावीत, प्रत्येक आधी शब्द समोर न ठेवता, मग शब्द वाचत, आणि शेवटी पुन्हा डोळे मिटून असे तीनदा ऐकावे. सुरुवातीसाठी माझी तीन गाणी ‘सुझॅन’, ‘बर्ड ऑन द वायर’ आणि ‘फेमस ब्लू रेनकोट’ ही आहेत.

‘सुझॅन’ ऐकताना कोहेन यांच्या मॉन्ट्रियल शहराचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगी पडते. बंदराजवळचे जुने शहर, सेंट लॉरेन्स नदी, आणि नाविकांचे मानले जाणारे बॉनसेकूर चॅपेल, या तीन गोष्टी गाण्यात प्रत्यक्ष आहेत. ज्या स्त्रीवर ते बेतले तिने दिलेला संत्र्याच्या सालीचा चहाही खरा आहे. पहिले कडवे तिचे, दुसरे येशूचे, तिसरे पुन्हा तिचे, अशी ही बांधणी आहे. ध्रुवपदाची शब्दरचना तिन्ही वेळा जवळजवळ तीच राहते, पण कोण कोणावर विश्वास ठेवतो हे दर वेळी थोडे सरकते, आणि तो बदल टिपणे हेच या गाण्याचे खरे श्रवण. हे गाणे कोहेन यांच्याआधी गायिका ज्युडी कॉलिन्स यांनी १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित केले. कोहेन तेव्हा बत्तीस वर्षांचे, चार कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या नावावर असलेले, पण लेखनावर पोट भरत नाही म्हणून गाण्याकडे वळलेले लेखक होते.

‘बर्ड ऑन द वायर’ची मुळे ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर आहेत. १९६० मध्ये कोहेन यांनी तेथे पंधराशे डॉलरांना एक घर घेतले होते. मोटारी नसलेल्या त्या बेटावर काही वर्षांनी टेलिफोनच्या तारा आल्या, खिडकीतले जुने दृश्य चिरले गेले, आणि मग त्या तारांवर पाखरे बसू लागली. त्या घरात त्यांच्यासोबत राहणाऱ्या नॉर्वेजियन मॅरिअ‍ॅन इलेन याच ‘सो लाँग, मॅरिअ‍ॅन’मधल्या मॅरिअ‍ॅन. ही दोन गाणी पाठोपाठ ऐकली की एक निरोपाचे आणि दुसरे माफीचे आहे हे सांगावे लागत नाही.

‘फेमस ब्लू रेनकोट’वर मात्र निवांत थांबावे, कारण मराठी कानाला कोहेन कळण्याची सर्वांत जवळची वाट हीच आहे असे माझे मत आहे. हे गाणे म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस पहाटे चार वाजता लिहिलेले पत्र. लिहिणारा, त्याची स्त्री, आणि तिच्या आयुष्यात येऊन गेलेला मित्र, असा त्रिकोण आहे. पण राग कोठेच वर येत नाही, उलट पत्र लिहिणारा चौकशी करतो, थंडीचे सांगतो, आणि मग हळूच मुद्द्यावर येतो. तालाकडे लक्ष दिले तर तीन-तीन मात्रांचा झोका लागतो. दादऱ्याची सवय असलेल्याला मांडीवर हात धरून तो मोजता येईल. कडव्यांमध्ये मायनर, म्हणजे उदास छटेचा, स्वरमेळ आहे आणि ध्रुवपदाशी चाल मेजरकडे, म्हणजे उजळ छटेकडे, वळते, म्हणजे जेथे दुःख सर्वांत जास्त असायला हवे तेथेच खिडकी उघडल्यासारखा उजेड पडतो. आणि शेवटी पत्राच्या रिवाजाप्रमाणे सही येते, त्यात कवीचे स्वतःचे नाव. अभंगाच्या अखेरच्या चरणातली नाममुद्रा किंवा गझलेतला मक्ता ऐकत वाढलेल्या श्रोत्याला या सहीचे वजन समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच की तुकोबांची मुद्रा ग्वाही देते, आणि येथली सही आपण या प्रकरणात नक्की कोण आहोत याविषयी अधिकच संभ्रम निर्माण करते.

चौथी पायरी: १९७५ नंतरचा माणूस वेगळा आहे, त्याच्यासाठी दुसरा संग्रह घ्यावा

पहिला संग्रह अंगवळणी पडला की २००२ चा ‘द इसेन्शियल लेनर्ड कोहेन’ लावावा. दोन तबकड्या आणि एकतीस गाणी असलेला हा संग्रहही कोहेन यांनीच निवडला. मधे १९९७ मध्ये ‘मोअर बेस्ट ऑफ’ नावाचा तेरा गाण्यांचा एक संग्रह आला होता. त्यात दोन नवी गाणी आहेत, पण ‘हालेलुया’ आणि ‘सुझॅन’ मैफलीतली आहेत, म्हणून नवख्याने तो सध्या बाजूला ठेवला तरी चालेल.

२००२ च्या संग्रहात काय नाही, हेही पाहावे. १९७७ मध्ये निर्माते फिल स्पेक्टर यांच्यासोबत केलेल्या ‘डेथ ऑफ अ लेडीज मॅन’ या तबकडीतले एकही गाणे त्यात नाही. त्या तबकडीत वाद्यांच्या भिंतीखाली कवीचा आवाज पुरला गेला होता, आणि कोहेन यांनी पंचवीस वर्षांनी एक शब्दही न बोलता तिचा निकाल लावलेला दिसतो.

या संग्रहात मोठा धक्का आवाजाचा बसतो. १९६७ चा काहीसा अनुनासिक, तरुण आवाज १९८८ च्या ‘आय अ‍ॅम युवर मॅन’पर्यंत येता येता विहिरीच्या तळाशी गेलेला असतो, आणि गिटारच्या जागी सिंथेसायझर आलेला असतो. मला स्वतःला तो सिंथेसायझर पहिल्या वेळी लग्नाच्या वरातीतल्या बँडसारखा वाटला होता आणि मी ते गाणे अर्ध्यावर बंद केले होते. विनोद तेथेच दडला आहे हे समजायला वेळ लागला. ‘टॉवर ऑफ साँग’मध्ये आपल्या सोनेरी आवाजाच्या देणगीबद्दल बोलणारा माणूस कोणत्या आवाजात ते बोलतो आहे, हे ऐकले की पुरे.

‘हालेलुया’ मात्र पेटीवर बसून ऐकावे. १९८४ च्या ‘व्हेरियस पोझिशन्स’ या तबकडीत ते आले. ही तबकडी अमेरिकेत काढण्यास कोलंबियाने नकार दिला होता, आणि गाणे जगभर पोहोचले ते १९९१ मध्ये जॉन केल आणि १९९४ मध्ये जेफ बकली यांच्या गळ्यातून. मूळ गाणे पांढरी एकमध्ये आहे. पहिल्या कडव्यात कवी बायबलमधल्या राजा डेव्हिडच्या गुप्त स्वरमेळाविषयी सांगतो आणि तो कसा वाजतो हे शब्दांत मोजून दाखवतो: चौथा, पाचवा, मग मायनरची उतरण, मग मेजरची उचल. पेटीवर पांढरी एकला षड्ज धरून आधी सा-ग-प दाबावे. ‘चौथा’ हा शब्द येतो तेव्हा बोटे मध्यमावर नेऊन म-ध-सा धरावे, ‘पाचवा’ म्हणताच प-नी-रे, ‘मायनर’ म्हणताच ध-सा-ग, आणि ‘मेजर’ म्हणताच पुन्हा म-ध-सा. शब्द जे सांगतात तेच त्या क्षणी हाताखाली वाजते. यानंतर, गोंधळलेला राजा गाणे रचतो आहे असे म्हणताना, गंधारावर उभा राहिलेला एक मेळ येतो आणि त्यात सप्तकाबाहेरचा कोमल धैवत डोकावतो. राजाचा गोंधळ तो हाच एक परका स्वर. हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्यानंतर हे गाणे पार्श्वसंगीत म्हणून ऐकणे कठीण होऊन बसते.

केम्प्स कॉर्नरचा थांबा

कोहेन यांच्या कारकिर्दीत १९९२ च्या ‘द फ्यूचर’नंतर नव्या गाण्यांची तबकडी थेट २००१ मध्ये येते, आणि या मोकळ्या जागेतून मुंबईची वाट जाते. या काळात ते लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरील झेन मठात राहिले. १९९६ मध्ये त्यांना भिक्षूची दीक्षा मिळाली. १९९९ मध्ये मठ सोडून ते मुंबईला आले, केम्प्स कॉर्नरजवळच्या एका साध्या हॉटेलात राहिले आणि रोज सकाळी रमेश बळसेकर यांच्या घरी सत्संगाला जाऊ लागले. बळसेकर हे बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ आणि अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. खेतवाडीतल्या आपल्या घरी मराठीतून बोलणाऱ्या महाराजांचे बोलणे परदेशी पाहुण्यांना इंग्रजीतून सांगण्याचे काम ते करीत असत. बिड्यांचा धंदा करणाऱ्या एका मराठी माणसाच्या बोलण्याचा धागा असा दोन पिढ्या ओलांडून मॉन्ट्रियलच्या कवीपर्यंत गेला. पुढच्या काही वर्षांत कोहेन पुन्हा पुन्हा मुंबईला येत राहिले, आणि अनेक दशके सोबत असलेले नैराश्य याच सुमारास ओसरल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

म्हणून २००२ च्या संग्रहाची शेवटची चार गाणी, म्हणजे शॅरन रॉबिन्सन यांच्यासोबत केलेल्या ‘टेन न्यू साँग्ज’मधली, एका बाजूला काढून ऐकावीत. त्यात देवघेवीची, करारांची, फिर्यादींची भाषा कमी झालेली आहे. ती मुंबईमुळे बदलली असे छातीठोकपणे म्हणणे धाडसाचे होईल. पण ‘अलेक्झांड्रा लीव्हिंग’ ऐकताना जे चालले आहे ते जाऊ देणारा आवाज ओळखता येतो.

पाचवी पायरी: संग्रह ठेवून पूर्ण तबकड्यांकडे जावे

येथून पुढे निवड आपली. पहिल्या घरातली गाणी आवडली असतील तर १९६७ ची तबकडी पूर्ण ऐकावी. १९७५ च्या संग्रहात न आलेले ‘द स्ट्रेंजर साँग’ तेथे आहे, आणि त्यात उजव्या हाताच्या बोटांची जी अखंड सळसळ आहे, तिचा उगम मॉन्ट्रियलच्या बागेत भेटलेल्या एका स्पॅनिश तरुणाकडून घेतलेल्या तीन शिकवण्यांत आहे. चौथ्या शिकवणीला तो आला नाही, कारण त्याने आत्महत्या केली होती. त्याने शिकवलेले सहा स्वरमेळ हाच आपल्या सगळ्या गाण्यांचा पाया असल्याचे कोहेन यांनी २०११ मध्ये स्पेनमधला पुरस्कार स्वीकारताना सांगितले. खोल आवाज आवडला असेल तर १९८८ ची तबकडी घ्यावी. मैफल हवी असेल तर २००९ मध्ये आलेले ‘लाइव्ह इन लंडन’ घ्यावे. आयुष्याची पुंजी दुसऱ्याच्या हातून गेल्याने सत्तरी उलटल्यावर हा माणूस पुन्हा दौऱ्यावर निघाला होता, आणि तरी वादकांची नावे घेताना तो प्रत्येकापुढे टोपी काढतो.

सर्वांत शेवटी एक जोडी लावावी. १९७५ च्या संग्रहातले ‘हू बाय फायर’ हे योम किप्पुर या ज्यू व्रताच्या दिवशी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेवर बेतलेले आहे: येत्या वर्षात कोण आगीने जाईल, कोण पाण्याने, याची ती यादी. कवी त्या यादीत आपल्या काळाचे मृत्यू घालतो आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी, बोलावणे नेमके कोणाचे आहे, असे विचारतो. त्यानंतर लगेच २०१६ च्या ‘यू वाँट इट डार्कर’चे शीर्षकगीत लावावे. घरातच, दुखऱ्या पाठीमुळे खास खुर्चीत बसून, मुलगा अ‍ॅडम याच्या मदतीने त्यांनी ते ध्वनिमुद्रित केले. मागे जो पुरुषांचा समूहस्वर आहे तो मॉन्ट्रियलच्या शार हाशोमायिम या प्रार्थनामंदिराचा. कोहेन यांचे आजोबा या मंदिराचे अध्यक्ष होते आणि ते स्वतः लहानपणी तेथेच जात. गाण्याच्या अखेरीस त्या मंदिराचा प्रमुख गायक एक हिब्रू शब्द लांबवत नेतो, ‘हिनेनी’, म्हणजे ‘मी हजर आहे’. ही तबकडी २१ ऑक्टोबरला आली आणि ७ नोव्हेंबरला कोहेन गेले.